डोक्यातली कामे वहीत उतरवा

हिवाळी अधिवेशन आले की धंतोलीतील यशवंत स्टेडियमचा परिसर मोर्चांनी गजबजतो. त्या दिवसांत आपल्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात मोर्चाची परवानगी, ६ डिसेंबरचे अभिवादन, अभ्यासिकेचे भाडे, स्वतःची परीक्षा आणि घरचे औषधपाणी एकाच वेळी फिरत असते. झोप उडते, चिडचिड वाढते. काही तरुण मग चळवळच सोडतात. हे नुकसान समाजाचे आहे.

मन का थकते? अर्धवट राहिलेले काम ते पुन्हा पुन्हा आठवून देते. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की काम पूर्ण झाले नसले, तरी ते कधी व कसे करायचे हे ठरवले की त्याची टोचणी कमी होते.

म्हणून दर रविवारी सगळी कामे एका वहीत उतरवा. प्रत्येकासमोर पुढची एकच कृती लिहा. नुसते ‘शिष्यवृत्तीचे प्रकरण’ नको. ‘मंगळवारी ११ वाजता समाजकल्याण कार्यालयातून अर्जाची पोच घेणे’ असे लिहा. दुसऱ्याला देता येईल ते नाव लिहून सोपवा. जमणार नाही त्याला वेळीच नकार द्या.

बाबासाहेबांनी मांडलेला संविधानाचा मसुदाही संविधान सभेने १५ नोव्हेंबर १९४८ पासून कलमवारच चर्चेला घेतला. एवढे मोठे काम असेच पार पडले.

सम्यक स्मृती म्हणजे सगळे डोक्यात साठवणे नव्हे. हातातल्या कामाचे भान ठेवणे. बाकीचे वहीला सांभाळू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!