गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे : रुग्णाची भाषा आणि निदान

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी वसलेले ओझर हे गाव अष्टविनायकांपैकी श्रीविघ्नहराचे स्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. विघ्नहराचे दर्शन घेतलेला यात्रेकरू बहुधा जवळच्या लेण्याद्रीकडे वळतो आणि गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी सुमारे तीनशे पायऱ्या चढतो. चढताना दम लागतो. गुडघ्याची परीक्षा मात्र उतरताना होते. अशा वेळी एखादा तरुण कठड्याला हात लावून सोबत्याला म्हणतो, ‘या गुडघ्याचा काही भरवसा नाही.’ हे उद्गार मांडीच्या दुबळ्या स्नायूंमुळे निघालेले असतील, वाटीमागची कूर्चा खराब झाल्यामुळे निघालेले असतील, किंवा कधी काळी तुटलेल्या आणि कोणीही न ओळखलेल्या अस्थिबंधामुळे निघालेले असतील. यांतील नेमके काय, हे ठरवण्यासाठी वैद्याला प्रथम हाताचा नव्हे, कानाचा उपयोग करावा लागतो. गुडघ्याच्या इजेइतके रुग्णाच्या शब्दांवर अवलंबून असलेले निदान शल्यवैद्यकात क्वचितच आढळेल.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना चार मुख्य अस्थिबंध एकत्र धरून ठेवतात. दोन बंध सांध्याच्या आतल्या व बाहेरच्या बाजूस असतात. उरलेले दोन सांध्याच्या गाभ्यात फुलीसारखे एकमेकांना ओलांडून जातात. या दोहोंपैकी पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि तिच्या अवाजवी पिळाला आळा घालतो. खेळाडूंच्या बाबतीत ज्या इजेची विशेष धास्ती असते, ती या पुढील बंधाची होय.

येथे पहिली अडचण शब्दाचीच उभी राहते. ‘स्नायू तुटला’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मांसल भाग असतो, कारण आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मात्र मांसाला ‘पेशी’ हा शब्द असून ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय बंध; त्यांची संख्या तेथे नऊशे सांगितली आहे. फळ्या अनेक बंधनांनी आवळलेल्या असल्या म्हणजेच नाव भार वाहते, त्याप्रमाणे स्नायूंनी बांधलेले शरीर भार सोसते, असा दृष्टान्त सुश्रुताने दिला आहे. आणि अस्थी, पेशी, सिरा व सांधे यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक मानली आहे. बंगालीत हाच शब्द मज्जातंतूचा वाचक झाला. एकाच संस्कृत शब्दाची तीन भिन्न शारीर अर्थांत झालेली ही वाटणी अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाला रंजक वाटेल. दवाखान्यात मात्र ती घोटाळा करते. त्यात लोकभाषेतील ‘शीर’ आणखी भर घालते. ‘शिरेवर शीर चढली’ असे सांगणाऱ्याच्या मनात रक्तवाहिनी मुळीच नसते. अलीकडे ‘लिगामेंट’ हा शब्द खेड्यापाड्यांतही रुळला आहे, पण ‘लिगामेंटला मार लागला’ या वाक्यातून कोणता बंध आणि किती प्रमाणात, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरितच राहतात.

क्रियापदे नामांपेक्षा अधिक विश्वासू ठरतात. कबड्डीतील चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे परतताना एक पाय जमिनीत रोवतो आणि अंग गर्रकन वळवतो. किंवा त्याचा घोटा पकडीत अडकलेला असतो आणि धड पुढे जाते. पुढील बंध बहुधा अशाच क्षणी तुटतो. कित्येकदा त्या वेळी कोणाचा धक्काही लागलेला नसतो. ‘गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजले’ असे रुग्ण सांगतो. कधी तो आवाज शेजारच्यालाही ऐकू जातो. खेळ तेथेच थांबतो आणि दोन-चार तासांच्या आत गुडघा टम्म फुगतो. ही त्वरित आलेली सूज साध्या पाण्याची नव्हे, सांध्यात साचलेल्या रक्ताची असते. नॉयस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा रक्त साचलेल्या दहा गुडघ्यांपैकी सुमारे सात गुडघ्यांत पुढील बंधाची इजा आढळली होती. म्हणून ‘सूज आली का?’ यापेक्षा ‘सूज केव्हा आली?’ हा प्रश्न अधिक मोलाचा. दुसऱ्या दिवशी सावकाश चढलेली सूज दोन हाडांमधील अर्धचंद्राकृती गादीच्या इजेकडे बोट दाखवते.

‘लचकला’ आणि ‘मुरगळला’ ही क्रियापदे इजेचा प्रकार सांगतात, परिणाम सांगत नाहीत. त्यांवर फार विसंबता येत नाही. ‘अडकतो’ म्हणजे गुडघा मध्येच कुलूप लागल्यासारखा थांबतो, आणि हे फाटलेल्या गादीचे लक्षण असू शकते. ‘अवघडतो’ म्हणजे केवळ ताठरतो. घाईत या दोहोंची गल्लत सहज होते. ‘सरकला’ असे कोणी म्हटले तर वाटी सरकली की नडगी, हे बोटाने दाखवायला सांगावे लागते. ‘निसटतो’, ‘दगा देतो’ ही पुढील बंधाची खास भाषा; पण तीही अर्धीच. सरळ पायऱ्या उतरताना निसटतो की बांधावर चालताना, एकदम वळताना निसटतो, हे विचारले पाहिजे. वळताना निसटणारा गुडघा बंध तुटल्याचा संशय बळकट करतो. दुचाकीवरून पडून वाकलेल्या गुडघ्याखाली नडगीवर आघात झाला असेल तर मागील बंधाचा विचार करावा लागतो. बाहेरून आतल्या दिशेने धक्का बसून आतली बाजू दुखत असेल तर त्या बाजूच्या बंधाचा.

यानंतर हाताची पाळी येते. गुडघा वीस ते तीस अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरावयाची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढावयाची. बंध शाबूत असेल तर दोरी ताणून थांबावी तशी नडगी ठाम थांबते. तुटलेला असेल तर ती पुढे येते आणि शेवट मऊ लागतो. दुसऱ्या, निरोगी गुडघ्याशी तुलना करणे आवश्यक असते, कारण काहींचे सांधे स्वभावतःच सैल असतात. फिलाडेल्फियातील जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. परंतु जॉर्ज नूलिस या ग्रीक वैद्याने पॅरिसमधील आपल्या १८७५ सालच्या प्रबंधात बहुतांशी तीच सांगून ठेवली होती. गुडघा काटकोनात वाकवून नडगी खणासारखी ओढण्याची परीक्षा अधिक परिचित असली, तरी ताज्या इजेत ती फसवी ठरते. वेदनेने मांडीच्या मागचे स्नायू आखडतात आणि नडगीला धरून ठेवतात.

खरी फसगत क्ष-किरण चित्राने होते. त्यात हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. नडगीच्या वरच्या टोकाशी, बाहेरच्या कडेला सुटलेली हाडाची लहानशी कपची दिसली, तर मात्र आत पुढील बंध तुटल्याचे ते जवळजवळ निश्चित चिन्ह असते. पॉल सेगाँ यांनी ही कपची १८७९ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी सोळा वर्षे, शवांवरील प्रयोगांतून वर्णिली होती. पण ती थोड्याच रुग्णांत आढळते. इतरांना चित्र पाहून ‘हाड शाबूत आहे’ असे सांगितले जाते, आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘गुडघा शाबूत आहे’ असा घेतो. सांगणारा खोटे बोललेला नसतो आणि ऐकणाराही अडाणी नसतो. वाक्याने जे वगळले ते कोणी उच्चारलेले नसते, एवढेच. अस्थिबंध व गादी दाखवणारे एम.आर.आय. चित्रण आज उपलब्ध आहे, तथापि ते काढण्याची गरज कोणाला सुचणार, हे पुन्हा कहाणी कोणी कशी ऐकली यावरच ठरते.

पुढचा क्रम ठरलेला आहे. तीन-चार आठवड्यांत सूज ओसरते, दुखणे कमी होते आणि खेळाडू ‘बरा झाला’ असे समजून मैदानात उतरतो. वळताना गुडघा निसटतो, आणि अशा प्रत्येक निसटण्यागणिक आतील गादी फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या दिवशी वेदनेमुळे तपासणी अपुरी राहिली असेल, तर आठ-पंधरा दिवसांनी, आखडलेले स्नायू सैल झाल्यावर, ती पुन्हा करावी लागते. दरम्यान सुजलेला गुडघा चोळून घेऊ नये. पाऊल गार पडले, बधिर झाले किंवा तेथील नाडी लागेनाशी झाली, तर प्रश्न बंधापुरता उरत नाही. सांधा निखळून रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि तासाभराचाही विलंब परवडत नाही. दुसऱ्या तपासणीला आलेल्या रुग्णाला ‘आता दुखते का?’ असे विचारले तर तो बहुधा ‘नाही’ म्हणतो. ‘उतारावर धावत गेलास तर एकदम वळशील का?’ असे विचारले की तो क्षणभर थांबतो.