पहिली थंड रात्र कोणती?
(लेखमाला : परसातलं हवामान, लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात आपण परतीच्या पावसाबद्दल वाचलं. भात कापून उडव्या रचल्या की पेण-रोह्याकडे पुढचा प्रश्न एकच असतो : थंडी कधी पडणार? हापूसची कलमं लावलेल्या प्रत्येकाचं वर्ष या उत्तरावर ठरतं.

निफाडचा द्राक्षबागायतदार हाच प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शून्याकडे निघालेला पारा असतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायची तयारी असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं. आपल्याकडे समुद्र इतका जवळ आहे की तेवढी वेळ येत नाही. पण हिशेब तोच आहे, आकडा फक्त वेगळा. हापूसच्या जून काडीला रात्री पारा साधारण १५-१६ अंशांवर उतरून काही दिवस तिथेच राहिला, की मोहोर धरतो. थंडी लांबली तर त्याच काडीतून पालवी निघते आणि आंबा मागे पडतो.

सूर्य मावळला की जमीन दिवसभराची ऊब आकाशाकडे सोडू लागते. वर ढग असतील तर त्यातली बरीच ऊब खाली परतते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल तर ती निघूनच जाते. हवा गार होत होत ज्या अंशाला तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं, तो दवबिंदू. दव धरताना वाफेतली उष्णता मोकळी होते, म्हणून तिथून पुढे पारा फार हळू उतरतो. शांत, निरभ्र रात्री पारा कुठवर उतरेल, याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज संध्याकाळच्या दवबिंदूवरून येतो.

तो घरीच काढता येतो. अंगणात स्टीलचा चकचकीत पेला घ्या, त्यात साधं पाणी ओता आणि थर्मामीटर ठेवा (तापाचा नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा). बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून टाका आणि ढवळत राहा. पेल्यावर आपला श्वास पडू देऊ नका. बाहेरची बाजू धुरकटली की लगेच आकडा वाचा. बोट फिरवल्यावर ओली रेघ उमटली म्हणजे खात्री झाली. पावसाळा संपता संपता पेला २३-२४ अंशांनाच धुरकटतो. पुढे वारा उत्तरेचा, कोरडा झाला की एखाद्या संध्याकाळी बर्फ टाकत राहावं लागतं. १५ अंशांपर्यंत पेला स्वच्छ राहिला, चांदण्या लख्ख आहेत आणि झाडाचं पान हलत नाही, तर पहाटेची थंडी पक्की समजा.

नुसत्या तारखेवर विसंबू नये. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. २०२१ मध्ये डिसेंबर उजाडला तोच अवकाळी पावसाने. अशा ढगाळ दिवसांत थंडी हटते, आणि मोहोर आलेला असेल तर तुडतुडे आणि भुरी त्याचा फडशा पाडतात.

जागेचा फरकही मोठा. डोंगरउतारावरची गार हवा जड असल्याने रात्री खाली उतरते आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या सखल शेतांत साचते. पेणच्या खाडीकडच्या खारपट्ट्यात भरतीचं पाणी आणि ओली जमीन ऊब धरून ठेवतात. त्यामुळे मोबाइलवर तालुक्याचा म्हणून दिसणारा आकडा तुमच्या कलमांचा असेलच असं नाही. शिवाय हवामान खातं तापमान मोजतं ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, आडोशाच्या पेटीत. निरभ्र रात्री गवताच्या पात्यापाशी पारा त्याहून कितीतरी खाली असतो. वेण्णाकाठी हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही दव गोठतं, ते याचमुळे.

वालाची पेरणी मात्र थंडीसाठी अडवून धरू नका. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर हे पीक उभं राहतं, आणि ओल थांबत नाही. पेरणी चुकली तर पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीच्या पाल्याबरोबर घालायला घरच्या शेंगा मिळणार नाहीत.

कमाल-किमान थर्मामीटर कलमांमध्येच, सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा. भिंतीला लावू नका. दिवसभर तापलेली भिंत रात्री खोटा आकडा दाखवते. दर वर्षी पारा पहिल्यांदा १६ च्या खाली गेला ती तारीख वहीत लिहा. दहा वर्षांच्या तारखा क्रमाने मांडल्या तर मधली तारीख आपल्या बागेची ढोबळ तारीख धरता येते. पण निम्म्या वर्षांत थंडी त्याआधीच आलेली असते, म्हणून फवारणीचा पंप आणि औषधं यांची तयारी यादीतल्या सगळ्यात लवकरच्या तारखेला धरून करावी.