विमानातील जागा

महाराष्ट्रातून जयपूरला जाणारे प्रवासी निरनिराळ्या कामांनी जात असतात. कोणी हवामहाल आणि आमेरचा किल्ला पाहण्यास जातो, कोणी रत्नांच्या व्यापारासाठी, तर कोणी सांगानेरच्या छापील कापडाची खरेदी करण्यासाठी. अपघातात किंवा आजारात पाय गमावलेले काही जण तेथील भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडे जातात. १९७५ साली स्थापन झालेली ही संस्था 'जयपूर फूट' या नावाने प्रसिद्ध असलेला कृत्रिम पाय विनामूल्य बसवून देते. पूर्वी या सर्वांना रेल्वेत एक संपूर्ण रात्र आणि वर काही तास काढावे लागत. आता मुंबईहून निघालेले विमान साधारण दोन तासांत जयपूरजवळच्या सांगानेर येथे उतरते. दोन तासांच्या प्रवासात बसण्याची जागा कोणती, याला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. धडधाकट माणसाला कोणतीही जागा चालते. परंतु एका पायाने चालणाऱ्याला, कडेवर मूल असलेल्या आईला किंवा प्रथमच विमानात बसणाऱ्या वृद्धाला ती चालेलच असे नाही.

जागा मिळविण्याची कला मराठी माणसाला एस.टी.ने शिकविली आहे. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, पिशवी, वर्तमानपत्र, जे हाती असेल ते आत जाते. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा कोठेही लिहिलेला नाही. तरी तो बहुतेकांना मान्य असतो. विमानाची खिडकी उघडत नाही, म्हणून तेथे रुमाल टाकता येत नाही, इतकेच. एरवी क्रमांक नसलेल्या जागांची पद्धत विमानातही होती, आणि आपल्या देशातही होती.

२००३ सालच्या ऑगस्ट महिन्यात कॅप्टन गोपीनाथ यांच्या 'एअर डेक्कन' या कंपनीचे पहिले विमान बंगळूर आणि हुबळी या शहरांदरम्यान उडाले. ही भारतातील पहिली स्वस्त विमानसेवा होय. तिने बोधचिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' निवडला होता. चौकड्यांचा कोट घातलेला तो सामान्य माणूस विमानात बसू शकेल, असे या कंपनीचे म्हणणे होते. भाडे कमी ठेवायचे, तर खर्चही कमी करावा लागतो. म्हणून फुकटचे जेवण बंद झाले आणि बोर्डिंग पासावरील आसनक्रमांकही गेला. प्रवाशाने आत जावे आणि रिकाम्या जागेवर बसावे.

क्रमांक न दिल्याने पैसे कसे वाचतात, हे चटकन लक्षात येत नाही. विमान उडते तेव्हाच कमाई करते. जमिनीवर उभे असलेले विमान केवळ खर्च करते. एका फेरीनंतर दुसऱ्या फेरीस ते जितके लवकर निघेल तितक्या दिवसाच्या फेऱ्या वाढतात. ठरावीक जागा असलेला प्रवासी निर्धास्तपणे सर्वांच्या शेवटी येतो आणि आपला क्रमांक शोधीत वाट अडवून उभा राहतो. जागा ठरलेली नसेल, तर तोच प्रवासी वेळेवर येऊन झटपट बसतो. म्हणजे जे काम कर्मचाऱ्यांनी करावयाचे, ते प्रवाशांची घाईच करून टाकते!

या युक्तीचे मूळ अमेरिकेत आहे. तेथील 'साउथवेस्ट एअरलाइन्स' या कंपनीने १९७१ साली उड्डाणे सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशांची चणचण भासल्याने तिला चारपैकी एक विमान विकावे लागले. उरलेल्या तीन विमानांत चार विमानांचे वेळापत्रक बसविण्यासाठी, विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत ते पुन्हा निघावे, अशी व्यवस्था करण्यात आली. क्रमांक नसलेली जागा ही त्या कंपनीची ओळखच होऊन बसली. २००७ सालापासून तिने रांगेतील क्रमांक दिला. कोणी आधी शिरावे हे ठरले, पण कोठे बसावे हे मोकळेच राहिले.

अशा विमानात चांगली जागा कशी मिळे? केवळ रांगेत पुढे असणे पुरेसे नसे. विमान दूर उभे असल्यास प्रवाशांना बसने नेतात. बसमध्ये सर्वांत आधी चढून आतपर्यंत गेलेला मनुष्य उतरताना सर्वांत मागे राहतो. दाराशी उभा असलेला पुढे जातो. सराईत प्रवाशास हे ठाऊक असे. मोठ्या विमानास पुढे आणि मागे असे दोन जिने लावतात. बहुतेक लोक सवयीने पुढच्या जिन्याकडे धावत आणि मागच्या जिन्याने शांतपणे चढलेल्याला खिडकी मिळून जाई. एअर डेक्कनची आरंभीची लहान एटीआर विमाने याहून वेगळी होती. त्यांत प्रवाशांचे दार मागच्या बाजूस असते. तेथे मागची आसने आधी लागतात आणि उतरतानाही तीच सोयीची ठरतात. तीन-तीनच्या रांगेतील मधली जागा मात्र कोणालाच नको असे. ती शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला येई. दोघे सोबती मुद्दाम खिडकी आणि वाटेलगतची जागा धरून मधली रिकामी ठेवीत व आशेने दाराकडे पाहत बसत.

यातील कोणतेही ज्ञान तिकिटावर छापलेले नव्हते. जो वारंवार प्रवास करी त्याला ते आपोआप मिळे. जो प्रथमच येई, ज्याच्यासाठी ही सेवा निघाली असे म्हटले जाई, तो मधल्या आसनावर जाऊन बसे. पद्धत सर्वांना सारखी होती हे खरे; पण धावण्याची शक्ती सर्वांची सारखी नसते. सोबत लहान मूल किंवा थकलेले आईवडील असले, म्हणजे कुटुंबाच्या तीन जणांना तीन निरनिराळ्या रांगा मिळण्याची धास्ती असे.

ही पद्धत हळूहळू मागे पडली. २००७ साली 'किंगफिशर' कंपनीने एअर डेक्कनमध्ये हिस्सा विकत घेतला, पुढच्या वर्षी तिचे नाव 'किंगफिशर रेड' झाले आणि २०१२ साली किंगफिशरचीच उड्डाणे थांबली. युरोपातील 'ईझीजेट'ने २०१२ मध्ये व 'रायनएअर'ने २०१४ मध्ये आसनक्रमांक देण्यास प्रारंभ केला. साउथवेस्टने २०२४ साली आपल्या प्रवाशांचा कौल घेतल्याचे सांगितले. शंभरातील ऐंशी जणांना ठरलेली जागा हवी होती. त्यानुसार २७ जानेवारी २०२६ पासून तिच्या विमानांतही जागा ठरवून दिली जाऊ लागली. पण प्रवाशांच्या आवडीइतकेच दुसरेही एक कारण या सर्व बदलांमागे आहे. ज्या वस्तूला क्रमांक असतो ती वस्तू विकता येते. खिडकीची, पुढची, पाय लांब करता येतील अशी, प्रत्येक जागेचे वेगळे मूल्य घेता येते.

मुंबईहून जयपूरला जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला त्यामुळे धावावे लागत नाही. त्याला निवड करावी लागते. पैसे भरून हवी ती जागा आधीच घेता येते. पैसे भरावयाचे नसल्यास चेक-इनच्या वेळी उरलेल्यांतून जागा मिळते. म्हणून मोबाइलवर किंवा संगणकावर चेक-इन सुरू होताच ते उरकून घेतलेले बरे. विनाशुल्क जागांवर तेथे वेगळी खूण असते. ती न पाहता पैसे भरून मोकळे होणारे पुष्कळ आहेत.

निवड करतानाही थोडा विचार करावा. एअरबस ए-३२० सारख्या विमानात डाव्या बाजूस ए, बी, सी आणि उजव्या बाजूस डी, ई, एफ अशी आसने असतात. ए आणि एफ खिडकीजवळ, सी आणि डी मधल्या वाटेलगत. मुंबईहून जयपूर जवळजवळ उत्तरेस आहे. सकाळच्या विमानात सूर्य उजवीकडे असतो, तेव्हा सावली हवी असणाऱ्याने डावी खिडकी घ्यावी. दुपारनंतर याच्या उलट. परतीच्या प्रवासात बाजू बदलतात. पंखाजवळच्या आसनांवर हेलकावे कमी जाणवतात, परंतु खिडकीतून बराचसा पंखच दिसतो. अगदी शेवटच्या रांगेशेजारी बहुधा स्वच्छतागृह असते आणि तेथे लोकांची ये-जा चालू राहते.

संकटकालीन दाराजवळच्या रांगेत पाय पसरण्यास अधिक जागा असते. कृत्रिम पाय बसवून घेण्यास निघालेल्या प्रवाशाला तीच सर्वांत सोयीची वाटेल. पण ती त्याला मिळत नाही. प्रसंग आल्यास ते जड दार उघडून इतरांना वाट करून देण्याचे काम त्या रांगेत बसलेल्यांवर असते. म्हणून मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्यांच्या हालचालीस मर्यादा आहेत असे प्रवासी तेथे बसविले जात नाहीत. त्याला नाकारण्यात अपमान नाही, परंतु कारण कोणी समजावून न सांगितल्यास तसे वाटते खरे. अशा प्रवाशाने तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीला आपली अडचण कळवावी आणि चाकांची खुर्ची हवी असल्यास तीही सांगावी. चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशांना सामान्यतः इतरांच्या आधी विमानात नेतात व शेवटी उतरवितात. त्याला पुढच्या रांगांतील वाटेलगतची जागा मागता येईल. पाय कोणता गेला आहे, यावरून डावी बाजू की उजवी, हेही आधीच सांगावे.

मुलांच्या बाबतीत आता नियम झाला आहे. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना निर्देश दिले की, एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी जागा द्यावी. त्यासाठी सर्वांची तिकिटे मात्र एकत्र काढलेली असावी लागतात. आजीसोबत जयपूरला निघालेल्या नातवाचे तिकीट वेगळे काढले असेल, तर खिडकीशी नीट विचारणा करावी आणि तेथेही न जमल्यास शेजारच्या प्रवाशाला विनंती करावी. एस.टी.त "जरा सरकता का?" असे म्हणतात, तसेच. विमानात ते म्हणण्यास लोक संकोचतात. पण म्हटले तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.