पोट साफ झालं, म्हणजे तपासणी टळली का?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "सासूबाईंच्या आतड्यातला कोंब दुर्बिणीनं काढून तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी परत बोलावलंय. पण त्या म्हणतात, रोज त्रिफळा घेते, हळदीचं दूध पिते, पोट साफ होतं. मग कशाला जायचं?" असं बऱ्याच घरांत होतं, म्हणून आज त्यावर बोलू.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधीकधी छोटा कोंब येतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप त्रास देत नाहीत, पण काही हळूहळू वाढतात आणि बऱ्याच वर्षांनी त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ते काढतात. एक काढला तरी दुसऱ्या जागी नवा येऊ शकतो. तो सहसा दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

आता चूर्णाचं काय? दुधाला विरजण लावलं की जिवाणू त्याचं दही करतात. तसेच आतड्यातले जिवाणू ज्वारीच्या भाकरीतला, तुरीच्या डाळीतला, अंबाडीच्या भाजीतला चोथा आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. हळदीतला कर्क्युमिन हा घटक रक्तात फारच थोडा जातो. बराचसा आतड्यातच राहतो आणि तिथल्या जिवाणूंशी त्याचा संबंध येतो. इथवर सासूबाईंचं बरोबर आहे.

पण जिवाणूंवर परिणाम झाला म्हणजे पॉलिप थांबला, असं नाही. युरोपात पॉलिप काढलेल्या लोकांना तीन वर्षं रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल दिलं. २००० साली निकाल छापून आला. इसबगोल घेणाऱ्यांत शंभरातल्या २९ जणांना पॉलिप पुन्हा आले, न घेणाऱ्यांत २० जणांना. २०१८ साली आनुवंशिक पॉलिपच्या ४४ रुग्णांवरचा अभ्यास आला. वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही फरक पडला नाही.

म्हणून वसमतची हळद भाजीत जरूर घाला. बद्धकोष्ठाला इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्यासोबत घ्या. मात्र एवढं लक्षात ठेवा:

• पॉलिप काढल्यावर साधारण दोन आठवडे रक्तस्रावाचा धोका असतो. या काळात चूर्ण, काढा, हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
• सोनामुखीचं चूर्ण महिनोन्‌महिने घेऊ नका.
• शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून घरी बसू नका.
• काढलेल्या पॉलिपचा रिपोर्ट जपून ठेवा. पुढची तारीख त्यावरच ठरते.

पैशाची अडचण असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

त्या ताईंच्या सासूबाई अखेर तपासणीला गेल्या. आणखी दोन छोटे कोंब निघाले, वेळेत काढले. भाकरी-भाजी आतड्याला जपते, पण आत काय वाढतंय ते दुर्बिणीलाच दिसतं.