थोरल्याच्या घरात आलेलं पिल्लू

‘म्हाताऱ्याला सोबत होईल’ या एका वाक्यावर आपल्याकडे कितीतरी पिल्लं घरात येतात. थोरला कुत्रा नऊ-दहा वर्षांचा झालेला असतो. तो जास्त झोपायला लागतो, बेल वाजली तरी पूर्वीसारखा दाराकडे धावत नाही आणि घरच्यांना वाटतं, हा एकटा पडलाय. मग एखाद्या रविवारी टोपलीतून, नाहीतर कुणाच्या तरी ओढणीत गुंडाळलेलं पिल्लू येतं. संध्याकाळपर्यंत थोरला पलंगाखाली गेलेला असतो, पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळायला बघत असतं, थोरला गुरगुरतो आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडते, ‘अरे, लहान आहे ना तो? असं करतात का!’

ओरडा चुकीच्या कुत्र्याला बसतो. या सगळ्यात ज्याला कुणी विचारलेलं नाही, ज्याची झोपायची जागा आणि ज्याची माणसं एका दिवसात वाटली गेली, तो थोरला असतो. पिल्लाचं कौतुक करायला सगळी सोसायटी येते. थोरल्याची बाजू घेणं हे मात्र घरच्यांनाच करावं लागतं. ते नीट झालं तर बाकीचं बरंचसं मार्गी लागतं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात पिल्लू आणण्याआधी, थोरल्याला डॉक्टरांकडे नेण्यापासून करावी. जिना टाळणं, हात लावल्यावर अंग काढून घेणं, बसताना आधी दोनदा घुटमळणं याला आपण ‘वय झालं’ म्हणतो. पुष्कळदा ती सांधेदुखी असते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये मांडलं की, वागणुकीच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी, अगदी हात राखून अंदाज केला तरी, सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना कुठलं ना कुठलं दुखणं असतं. ज्याच्या कमरेत कळ येते त्याच्या पाठीवर पिल्लाने उडी मारली आणि त्याने दात दाखवले, तर त्यात हेवा शोधू नये. त्याला दुखलेलं असतं. किडलेले दात, कानातला संसर्ग, मोतीबिंदू आणि कमी होत चाललेली श्रवणशक्ती हेही तपासून घ्यावं. ऐकू कमी येणाऱ्या कुत्र्याला झोपेत धक्का बसला तर तो दचकून आधी तोंड घालतो आणि मग बघतो. तो गंभीर आजारी असेल, औषधांची जुळवाजुळव अजून चालू असेल, तर पिल्लाचा विचार पुढे ढकलावा. आजारपणात त्याला सोबतीपेक्षा शांत झोप जास्त हवी असते.

एक गोष्ट डॉक्टरांना दवाखान्यात बसून दिसत नाही, ती म्हणजे आपली फरशी. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. पिल्लू अंगावर आलं की उठून दुसऱ्या खोलीत जाणं हा त्याचा सगळ्यात सभ्य मार्ग असतो. पाय घसरायला लागले की तो मार्ग बंद होतो आणि त्याच्याकडे फक्त गुरगुर उरते. त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत चटई, सतरंजी, जुनी योगा मॅट, जे असेल ते पसरून ठेवा. मला तर पट्टा, खेळणी आणि खाऊ यांच्या सगळ्या खरेदीपेक्षा ही तयारी महत्त्वाची वाटते.

पिल्लू द्वाडपणा करत नसतं, हेही समजून घ्यायला हवं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकी संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून, त्यांची निरीक्षणं करून १९६५ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ हा इतरांशी नातं जोडायला शिकण्याचा काळ म्हणून दाखवला आहे. याच दिवसांत भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो, यातून पिल्लू दातांचा जोर आवरायला शिकतं. आईजवळून फार लवकर उचललेल्या पिल्लाचं हे शिक्षण अर्धवट राहतं आणि ते पुरं करायची वेळ आपल्या थोरल्यावर येते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनी बंदी आहे. तरीही महिन्याभराचं पिल्लू हातात ठेवणारे विक्रेते भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नये. नव्या पिल्लाची आणखी एक सवय थोरल्याला नकोशी होते, ती म्हणजे त्याच्या ओठांचे कोपरे चाटत राहणं. लांडग्यांची पिल्लं शिकारीहून परतलेल्या मोठ्यांचं तोंड अशीच चाटतात आणि मोठे पोटातलं अन्न त्यांच्यासाठी ओकून टाकतात. आपलं पिल्लू तेच मागणं मागत असतं. थोरल्याच्या दृष्टीने ते अनोळखी पोर तोंडात तोंड घालत असतं.

दोघांची पहिली भेट घराबाहेर, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागी करा, असं या विषयावरच्या परदेशी पुस्तकांत हमखास असतं. सल्ला बरोबर आहे, पण तो आपल्या रस्त्यावर जसाच्या तसा लागू होत नाही. कारण पार्व्हो. १९७८ मध्ये जगभर पसरलेला हा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून मातीत उतरतो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस सहसा तिसऱ्या महिन्यात देतात. इतक्या वेळा टोचावं लागतं, कारण आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीलाही निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. तोवर बागेत, मैदानात, रस्त्याकडेला पिल्लाला खाली सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग ही जागा आणायची कुठून? माझं उत्तर आहे गच्ची. कुलूप असलेली, भटकी कुत्री न येणारी, धुतलेली गच्ची, सकाळी फरशी तापायच्या आत. पार्किंग नको, तिथे सगळ्यांची ये-जा असते. गच्ची नसेल तर ज्यांच्याकडे कुत्रा नाही अशा नातेवाइकांचा हॉल. तेही जमत नसेल तर पिल्लाला कडेवर घेऊन थोरल्याच्या नेहमीच्या फेरीला त्याच्या बरोबरीने, चार हात अंतर ठेवून चालावं. वास पोहोचतो, पिल्लू जमिनीला लागत नाही आणि थोरल्याला पुढे जायचं की मागे राहायचं हे ठरवता येतं.

त्याआधी पिल्लू थेट घरी न आणता डॉक्टरांना दाखवावं, म्हणजे गोचिड्या आणि जंत यांचा बंदोबस्त होतो. थोरल्याच्या वार्षिक लशी चुकल्या असतील तर त्याही आधीच घ्याव्यात. रस्त्यावरून उचललेलं, किंवा जिथून आणलं तिथे आजारपण होतं असं पिल्लू असेल, तर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत. हे दिवस वाया जात नाहीत. पिल्लू ठणठणीत दिसतंय असं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या अंथरुणातलं फडकं थोरल्याजवळ ठेवा, थोरल्याचं पिल्लाजवळ. दाराच्या फटीतून दोघं एकमेकांना हुंगतात. माणसाला ओळख चेहऱ्याने पटते, कुत्र्याला वासाने. प्रत्यक्ष भेटीत पिल्लू निदान परकं राहत नाही.

भेटीला दोन माणसं लागतात, दोन्ही पट्टे सैल हवेत. पट्टा ताणला की थोरल्याला पळायला वाव उरत नाही आणि आपल्या हातातली धास्ती त्याच्यापर्यंत पोहोचते. दोघांना समोरासमोर आणू नका. दोघं एकाच दिशेने चालत राहू देत, अंतर हळूहळू कमी करा. थोरल्याने मागून येऊन पिल्लाला हुंगलं तर दोन-तीन सेकंदांत आनंदी आवाजात त्याला बोलावून घ्या, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, पुन्हा जाऊ द्या. सगळं छान चाललेलं असतानाच थांबायचं. घरी परतण्याआधी खाण्याची भांडी, हाडं आणि खेळणी उचलून ठेवलेली असावीत.

आता गुरगुरीबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. थोरला गुरगुरतो त्याच्या कितीतरी आधी तो बरंच काही सांगून चुकलेला असतो. तोंड फिरवतो, नाकावरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, उगाच जमीन हुंगायला लागतो. नॉर्वेच्या ट्युरिड रुगास यांनी अशा खुणांकडे जगभरच्या श्वानप्रेमींचं लक्ष वेधलं. त्यानंतर अंग ताठ होतं, तोंड घट्ट मिटतं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. शेपटी हलतेय म्हणून निर्धास्त होऊ नये. इटलीतल्या संशोधकांना २००७ मध्ये आढळलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी त्याच्या उजवीकडे जास्त झुकते, आणि दरारा वाटावा असा अनोळखी कुत्रा दिसल्यावर डावीकडे. हे नुसत्या डोळ्यांनी पकडणं कठीण आहे, पण ताठ, उंच धरलेली आणि आखूड आखूड हलणारी शेपटी कुणालाही ओळखता येते.

या सगळ्यानंतर येते ती गुरगुर. ती इशारा असते आणि इशारा देणारा कुत्रा चावण्याचं टाळत असतो. त्याला प्रत्येक वेळी रागावलं, चपलेचा धाक दाखवला, तर तो शिकतो की आवाज करायचा नाही. पिल्लाबद्दलची नाराजी तशीच राहते, फक्त ती आता ऐकू येत नाही. ‘काहीच न करता एकदम चावला’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यातल्या पुष्कळांना गुरगुरायची मनाई झालेली असते. गुरगुर ऐकू आली की काही न बोलता पिल्लाला उचला किंवा बोलावून दूर न्या. थोरल्याला कळतं की नुसतं सांगितलं तरी माणसं ऐकतात. हे त्याला एकदा पटलं की त्याचं गुरगुरणंही कमी होत जातं. त्याने पिल्लाला एकदा ‘खॅक’ करून दटावलं, दात लागले नाहीत आणि पिल्लू मागे सरताच तोही थांबला, तर मध्ये पडायची गरज नाही. पिल्लू मागे सरल्यावरही तो त्याच्यावर जात राहिला, किंवा पिल्लाला खाली दाबून धरून सोडेना, तर तिथे आपण हवेच.

घरात एक अशी जागा पाहिजे जिथे पिल्लाला जाताच येत नाही. बेडरूमच्या दाराला बेबी गेट बसवता येतं. थोरल्याचं अंथरूण गेटच्या पलीकडे, आणि पाणीही तिथेच. जेवण दोघांना वेगळ्या खोल्यांत. दोघांचं खाणंही वेगळंच असतं. वाढत्या पिल्लाचं अन्न बसक्या थोरल्याचं वजन वाढवतं आणि दुखरे सांधे आणखी कुरकुरतात. कामाला येणाऱ्या मावशींना आणि मुलांनाही हे सांगून ठेवावं, कारण गेट उघडं राहतं ते गडबडीत. पिल्लं दिवसात अठरा-वीस तास झोपतात. जागं ठेवलेलं पिल्लू दमलेल्या पोरासारखं पिसाटतं आणि आपला सगळा चावरेपणा थोरल्यावर काढतं. म्हणून पिल्लाची झोप ठरल्या वेळी, ठरल्या जागी, बंद दाराआड झाली पाहिजे. त्या वेळात थोरल्याला एकट्याला फिरायला न्यावं, त्याच्या जुन्या रस्त्याने, त्याच्या चालीने.

आणि एक दिवस थोरला स्वतःहून पुढचे पाय टेकवून, मागचा भाग वर करून पिल्लाला खेळायला बोलावतो. काही घरांत हे आठवड्यात होतं, काही घरांत कित्येक महिने लागतात, काही घरांत कधीच होत नाही. खेळात दोघांची पाळी सारखी यायला हवी असं नाही. एरिका बाउअर आणि बार्बरा स्मट्स यांनी २००७ मध्ये कुत्र्यांच्या जोड्यांचा खेळ तपासला, तेव्हा वरचढ होण्याची निम्मी-निम्मी वाटणी दिसली नाही, तरी खेळ रंगले होते. शंका आली तर पिल्लाला क्षणभर धरून ठेवा. थोरला परत त्याच्याकडे आला तर खेळ चालू द्या. तो अंग झटकून निघून गेला तर त्याला पुरे झालंय. दोघं कधीच खेळली नाहीत, नुसती एका खोलीत शांत झोपायला लागली, तरी ते मोठं यश आहे. आपल्याला हवी असलेली मैत्री त्यांच्यावर लादू नये. रक्त निघालं, थोरल्याचं जेवण सुटलं, तो घरातच कोपरे धरायला लागला किंवा पिल्लू त्याला बघून थरथरायला लागलं, तर वाट न पाहता डॉक्टर आणि वर्तनतज्ज्ञ गाठावा. घरी कुणी नसताना दोघांना पहिले काही महिने एकत्र सोडूच नये.

बहुतेक घरं सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास सैलावतात, आणि नेमका तोच काळ नाजूक असतो. लहानग्याला म्हणून मिळणारी सूट आता संपलेली असते. पिल्लू वयात येतं, थोरला कालपर्यंत सोसायचा त्या आगाऊपणाला आता कडक उत्तर देतो. दोघं नर किंवा दोघी माद्या असतील तर जास्तच. नसबंदी कधी करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि त्या महिन्यांत माळ्यावर टाकलेलं बेबी गेट परत काढावं, जेवणाची भांडी पुन्हा वेगळ्या खोल्यांत न्यावीत आणि थोरल्याहून उंच झालेल्या त्या पिल्लाला काही आठवडे घरातही पट्टा लावून ठेवावा.