सात मिलिसेकंदांची ओळ

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग सीएनसी मशीनवर चढलं, की कंट्रोलर अक्षाची जागा पुन्हा पुन्हा तपासून मोटरला पुढचा हुकूम देत राहतो. लिनक्ससीएनसी या मुक्त प्रणालीत ही फेरी सहसा १ मिलिसेकंदाची असते. मधेच कर्नलने ८० अक्षरांची एक नोंद सिरियल पोर्टवर छापायला घेतली, तर १,१५,२०० बॉडच्या वेगाने तिलाच जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६ मीटरने सरकणारा अक्ष तेवढ्यात ०.७ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. उद्यमनगरातला टर्नर तर ०.०१ मिलिमीटरसाठी भांडतो!

छपाईची मंद गती एकवेळ सोसता येईल. खरं दुखणं कुलपाचं आहे. कर्नलच्या नोंदी साठवणाऱ्या बफरमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लिहिणारा आधी कुलूप घेतो. नेमका तेव्हाच त्याच सीपीयूवर इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवणारी तातडीची हाक, आला आणि त्याच्या हँडलरलाही नोंद करायची असली, तर तो कुलूप सुटायची वाट पाहतो. कुलूप सोडणारा मात्र हँडलर संपल्याशिवाय हलू शकत नाही. मशीन कायमचं गोठलं.

लिहिताना इंटरप्ट बंद ठेवा, हा जुना उपाय. पण एनएमआय नावाचा इंटरप्ट असा रोखता येत नाही आणि यंत्रणा अडकल्याचं कळवायला बहुधा तोच येतो. म्हणजे नोंद सर्वात मोलाची असते, तेव्हाच ती करणं सर्वात धोक्याचं.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.१० मध्ये जॉन ऑग्नेस यांनी लिहिलेला, कुलपाशिवाय चालणारा बफर दाखल झाला. लिहिणारा अविभाज्य सूचनांच्या जोरावर बफरमध्ये आपली जागा राखतो, मजकूर भरतो आणि मग ‘पूर्ण’ अशी खूण करतो. मधे इंटरप्ट आला तर तो पुढची जागा घेतो. कुणी कुणासाठी थांबत नाही. छपाईचं रेंगाळणारं काम पुढे वेगळ्या थ्रेडकडे सोपवण्यात आलं.

ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या रिअल-टाइम लिनक्सचं सुमारे वीस वर्षांचं काम मुख्य कर्नलमध्ये येण्यापूर्वीचा शेवटचा मोठा अडसर हीच छपाई होती. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते काम स्वीकारलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यासह लिनक्स ६.१२ प्रसिद्ध झालं.

तरी बफर गोलच आहे: भरला की सर्वात जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. बिघडलेला सेन्सर सेकंदाला हजारो इंटरप्ट पाठवू लागला आणि हँडलर प्रत्येकाची नोंद करत बसला, तर बिघाड सुरू झाल्याची पहिली ओळच पुसली जाते. म्हणून ड्रायव्हर लिहिणारे हँडलरमधल्या नोंदींवर वेगमर्यादा घालतात.