वाऱ्याचा खेळ आणि किनाऱ्याची वाट

कोल्हापुराला समुद्र नाही, पण समुद्राची ओढ मात्र भारी. सलग दोन सुट्ट्या आल्या की गगनबावड्याचा घाट उतरून मालवण गाठायचे, नाही तर आंबोलीवरून सावंतवाडी आणि तसेच पुढे गोवा. तिथे पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, हरमल या बाजूला दुपारनंतर गेलात, तर आभाळात मोठाले रंगीत पतंग दिसतील आणि दोऱ्यांच्या टोकाला पाण्यावरून सरसर धावणारी माणसे. या खेळाला काइटबोर्डिंग म्हणतात. उद्या तुमच्या घरातले एखादे पोर तो शिकायचा हट्ट धरील. नाही म्हणू नका. पण खेळ आणि किनारा, दोन्ही समजावून मगच पाठवा.

हा पतंग संक्रांतीचा नव्हे. नऊ ते बारा चौरस मीटर कापड, म्हणजे एका लहानशा खोलीएवढे. पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, त्यामुळे पाण्यात पडला तरी तो तरंगतो. ही युक्ती फ्रान्समधल्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली काढली. दोऱ्या वीस-पंचवीस मीटर लांब, कंबरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या, आणि पायाखाली फळी. २०२४ साली ऑलिंपिकमध्येही याच्या शर्यती प्रथमच झाल्या.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, ते इथे उपयोगी पडतात. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे सुटतात. खेळ चालतो तो यांच्यावर. रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्या वाऱ्यात पतंग सोडला, तर सोडणाऱ्यालाच तो आत ओढून नेतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. एका झुळकीसरशी धडधाकट माणूस वाळूवरून फरफटत जातो, आणि ताणलेली दोरी अंगावर आली तर तारेसारखी कापते. म्हणूनच धोका खोल पाण्यापेक्षा वाळूवर, पतंग चढवताना आणि उतरवताना अधिक. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला निदान पन्नास मीटर जागा मोकळी हवी. एवढ्या जागेत लहान मुले किल्ले करीत बसलेली असतील, तर मुलांना उठवायचे नाही; आपणच लांब जायचे.

आता किनारा. तो रिकामा दिसतो, पण रिकामा नसतो. रापण ओढताना पाहिली असेल, तर हे वेगळे सांगायला नको. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर ठेवतात आणि दोन रांगांत उभी राहून माणसे ते तासन्‌तास ओढतात. त्या जाळ्यात पतंगाच्या दोऱ्या गुंतल्या, तर आपली एक दुपार फुकट जाते. त्यांच्या मात्र कित्येक घरांचा वाटा बुडतो. रापण पाण्यात आहे तोवर पतंग खालीच ठेवावा.

दुसरे रहिवासी कासवे. मोरजी आणि मांद्रे इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे नेमका खेळाचाच. पिल्ले बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. कुंपण घातलेल्या घरट्यांजवळ पतंग पसरू नये, आणि गाडी तर वाळूत मुळीच घालू नये. आपल्याकडच्या मंडळींना जीप थेट लाटांपर्यंत नेण्याची हौस फार, म्हणून मुद्दाम सांगितले.

“किनारा सरकारी आहे, आम्हांला कोण अडवणार?” असे कोणी म्हणेल. सरकार सागरतटाचे मालक नव्हे, लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मान्य केले. पुढे २००९ साली दोनापावला इथल्या एका किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर आलेले हॉटेलचे वाढीव बांधकाम पाडायचा हुकूम त्याच न्यायालयाने कायम केला. ती वाट लोकांनी भांडून सोडवली. पण ती चालत जाणाऱ्यांची वाट आहे. पतंगाला आभाळ राखून ठेवा असे त्या निकालात कुठे नाही. नायलॉनच्या मांज्याने माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले, तेव्हा २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. तिथे निदान सुती दोरा शिल्लक राहिला. एखाद्या किनाऱ्यावर अपघात होऊन बंदीचा फलक लागला, तर तो खेळाडूंपुरताच राहील याची खात्री कोण देणार?

तेव्हा मुलाला आधी शिक्षकाकडून पतंग झटक्यात सोडवण्याची कळ वापरायला शिकू द्या, फळी नंतर. किनाऱ्यावर पोचताच रापणकरांना विचारावे, “आज जाळे कुठे पडणार?” खेळ संपला की पतंग उलटा करून कडेवर वाळूचे वजन ठेवावे आणि दोऱ्या लगेच गुंडाळाव्यात. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना वाळूवर पसरलेल्या दोऱ्या दिसत नाहीत.